पश्चिम न्यू गिनी : करार दोघांचा, भूमी तिसऱ्याची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१५ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात एका करारावर सह्या झाल्या. सह्या करणारी दोन राष्ट्रे होती : नेदरलँड्स आणि इंडोनेशिया. घडवून आणणारी शक्ती अमेरिका होती, आणि अंमलबजावणीची जबाबदारी राष्ट्रसंघाने पत्करली होती. ज्या प्रदेशाच्या भावी कारभाराची ही व्यवस्था लागत होती तो प्रदेश म्हणजे न्यू गिनी या प्रचंड बेटाचा पश्चिमार्ध. तेथे राहणाऱ्या सात-आठ लाख पापुअन लोकांचा एकही प्रतिनिधी सही करणाऱ्यांमध्ये नव्हता.

त्या दिवशी वसाहतवादाचा आणखी एक बुरूज ढासळला, असेच आशिया-आफ्रिकेतील बहुतेक पुरोगामी मताने मानले. ते अगदीच चूक होते असेही नाही. डच सत्ता गेली हे खरे. परंतु परकी सत्ता जाणे आणि तेथील प्रजेला सत्ता मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्या दोहोंमधील अंतर वाटाघाटींच्या कलमांत कसे लपवता येते, याचा या कराराइतका स्वच्छ धडा दुसरा क्वचितच सापडेल. स्वयंनिर्णयाचे तत्त्व करारात लिहिले गेले होते. ते अमलात आणण्याची पद्धत मात्र मोघम ठेवण्यात आली. पद्धत ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती गेला, निर्णयही त्याच्याच हाती गेला. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

प्रथम भूमीचा परिचय. हा प्रदेश सुमारे चार लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा. किनाऱ्यावर दलदल आणि दाट जंगल, मध्ये बर्फाच्छादित शिखरांची पर्वतरांग, दऱ्याखोऱ्यांत शेकडो भाषा बोलणारे समाज. डचांनी १८२८ मध्ये येथे हक्क सांगितला, पण कायमची ठाणी बसवली ती १८९८ पासून. जावा बेटातून साखर, कॉफी आणि नीळ ओरबाडून नेणाऱ्या या सत्तेला पापुआतून फारसे काही मिळत नव्हते. म्हणून तेथे शाळा, रस्ते किंवा दवाखाने काढण्याची निकडही तिला भासली नाही. मिशनऱ्यांनी जे केले तेवढेच. १९२६-२७ च्या उठावानंतर मात्र डचांना या भूमीचा एक उपयोग सापडला. बोव्हेन दिगुल येथील मलेरियाग्रस्त जंगलात त्यांनी इंडोनेशियन राष्ट्रवाद्यांसाठी बंदिवासाची छावणी उघडली. पुढे इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले महंमद हट्टा आणि पहिले पंतप्रधान झालेले समाजवादी नेते सुतान शाहरीर हे दोघेही १९३५ मध्ये तेथे डांबले गेले होते. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे या भूमीशी नाते नव्हते असे म्हणणे म्हणूनच न्यायाचे होणार नाही. पण ते नाते तुरुंगाच्या जागेशी होते, तेथल्या माणसांशी नव्हते. याची जाणीव हट्टांना होती. जुलै १९४५ मध्ये स्वतंत्र इंडोनेशियाच्या सीमांची चर्चा चालू असता पापुअन लोकांनाही स्वतंत्र राष्ट्र होण्याचा हक्क आहे, असे मत त्यांनी मांडले होते. बहुमताने ते मानले नाही.

आता १९४९ साल. चार वर्षांच्या रक्तरंजित संघर्षानंतर हेग येथे २३ ऑगस्ट ते २ नोव्हेंबर या काळात गोलमेज परिषद झाली आणि २७ डिसेंबरला सत्तांतर झाले. या परिषदेची दोन अपत्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे कर्ज. नव्या इंडोनेशियाच्या गळ्यात वसाहती सरकारचे सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचे कर्ज बांधण्यात आले. इंडोनेशियन जनतेला चिरडण्यासाठी ज्या लष्करी मोहिमा काढल्या गेल्या त्यांच्या खर्चाचा भागही त्यात होता. मार खाणाऱ्याने काठीची किंमत भरावी, असा हा हिशेब होता. दुसरे अपत्य म्हणजे न्यू गिनीविषयीचे कलम. हा प्रदेश तूर्त डचांकडे जसाच्या तसा राहील आणि एक वर्षाच्या आत दोन्ही सरकारे वाटाघाटींनी त्याचा राजकीय दर्जा ठरवतील, असे त्यात म्हटले होते. तेथील रहिवाशांच्या इच्छेचा त्या कलमात उल्लेखही नव्हता. ज्या प्रश्नावर परिषद मोडली असती तो प्रश्न बाजूस सारून परिषद यशस्वी करण्यात आली.

ते एक वर्ष उलटले, आणि पुढे बारा वर्षे उलटली. नेदरलँड्सला पापुआ का हवा होता? आर्थिक लाभ नव्हता. उलट दरसाल तिजोरीतून पैसा ओतावा लागत होता. गमावलेल्या साम्राज्याची अखेरची खूण म्हणून हवा होता, युरेशियन वंशाच्या लोकांना वसवण्यासाठी हवा होता, मिशनांच्या आग्रहाखातर हवा होता. पापुअन जनतेच्या स्वयंनिर्णयाचा शोध डचांना जावा आणि सुमात्रा हातचे गेल्यानंतर लागला, हे विसरता येत नाही. जकार्ताची बाजू कायद्याच्या दृष्टीने भक्कम होती. वसाहतीचा जो एकसंध मुलूख होता त्याचा वारसा नव्या राष्ट्राला मिळावा, वंश आणि भाषा पाहून तुकडे पाडू लागल्यास आशिया-आफ्रिकेतील एकही नवे राष्ट्र टिकणार नाही, हा तो युक्तिवाद. फाळणीची जखम ताजी असलेल्या भारताला तो पटला यात नवल नाही. १९५५ च्या बांडुंग परिषदेनेही इंडोनेशियाच्या भूमिकेला पाठिंबा दिला.

राष्ट्रसंघाच्या आमसभेत मात्र इंडोनेशियाला आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत मिळेना. नोव्हेंबर १९५७ मध्ये ठराव पुन्हा पडला, आणि डिसेंबरमध्ये इंडोनेशियातील डच मळे, बँका, जहाज कंपन्या यांचा ताबा घेण्यास सुरुवात झाली. पुढील वर्षी कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. समाजवादी कार्यकर्त्याने येथे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. राष्ट्रीयीकरण या शब्दाने आपण हर्षित होतो. पण ही मालमत्ता कामगारांच्या व्यवस्थापनाखाली आली नाही, संसदेच्या नियंत्रणाखालीही आली नाही. मार्च १९५७ पासून लष्करी कायदा जारी होता. मळ्यांवर आणि कारखान्यांवर लष्करी अधिकारी बसले. सैन्याला स्वतःचे उत्पन्न मिळाले, आणि ज्या सैन्याला स्वतःचे उत्पन्न असते ते कोणत्याच मंत्रिमंडळाला जुमानीत नाही. १९५९ मध्ये ‘मार्गदर्शित लोकशाही’ आली. १९६० मध्ये शाहरीर यांच्या समाजवादी पक्षावर बंदी आली. १९६२ च्या आरंभी खुद्द शाहरीर चौकशीविना तुरुंगात गेले, आणि १९६६ मध्ये झ्युरिच येथे, मायभूमीपासून दूर, त्यांचा अंत झाला. १९५३ च्या रंगून येथील आशियाई समाजवादी परिषदेत आणि १९५६ मध्ये आपल्या मुंबईतच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत भारतीय समाजवाद्यांच्या शेजारी बसलेला हा पक्ष होता. पश्चिम इरियन मुक्त करण्याच्या घोषणा ज्या वर्षांत सर्वांत बुलंद होत्या, त्याच वर्षांत इंडोनेशियात विरोधी मताचा आवाज बंद झाला. जो घरात मतपेटी मिटवतो तो शेजारच्या अंगणात ती उघडेल, ही अपेक्षाच भाबडी होती.

१९६१ साली घटनांना वेग आला. ५ एप्रिलला डचांनी न्यू गिनी परिषद स्थापन केली. तिचे २८ सभासद होते, त्यांपैकी १६ निवडून आलेले. उशिरा आलेले आणि अपुरे असे हे पाऊल होते. तरीही पापुअन लोकांच्या तोंडून बोलणारी ती पहिली संस्था होती. या परिषदेने भूमीला ‘पश्चिम पापुआ’ हे नाव दिले, एक ध्वज ठरवला, आणि १ डिसेंबर १९६१ रोजी शुक्रताऱ्याचा तो ध्वज डच ध्वजाशेजारी फडकला. अवघ्या अठरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, सुकार्नो यांनी योग्यकर्ता येथे पश्चिम इरियनच्या मुक्तीसाठी सर्वंकष लढाऊ सिद्धतेचा आदेश दिला.

१९ डिसेंबर १९६१ ही तारीख महाराष्ट्राला आणि गोव्याला निराळ्या कारणाने पाठ आहे. त्याच दिवशी ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता गोव्यातून संपली. दोन घटना एकाच दिवशी घडल्या म्हणून त्या एकाच तराजूत तोलल्या गेल्या. दोन्हीकडे एक हट्टी युरोपीय सत्ता होती, दोन्हीकडे वाटाघाटी थकल्या होत्या, इथवर साम्य होतेच. पण गोव्याची मुक्ती ही गोव्यातील जनतेनेच वर्षानुवर्षे मागितली होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हा ती हाक गोमंतकीयांनी उचलली, तुरुंग भरले, अंगोला आणि पोर्तुगालच्या कोठड्यांत वर्षे काढली. पापुआच्या खोऱ्यांतून इंडोनेशियात सामील होण्याची अशी मागणी उठल्याचे दिसत नव्हते. इंडोनेशियाला अनुकूल असे काही पापुअन पुढारी होते, प्रतिकूलही होते. बहुसंख्यांना कोणी विचारलेच नव्हते. अशा वेळी विचारणे हाच एकमेव न्याय्य मार्ग उरतो.

विचारण्याची वेळ येण्यापूर्वी महासत्तांची वेळ आली. इंडोनेशियाला सोव्हिएत संघाकडून विमाने, युद्धनौका आणि पाणबुड्या मिळत होत्या. १५ जानेवारी १९६२ रोजी आराफुरा समुद्रात डच नौदलाशी चकमक होऊन इंडोनेशियन नौदलाचे उपप्रमुख योस सुदार्सो मारले गेले. इंडोनेशिया साम्यवादी गोटात जाईल या धास्तीने वॉशिंग्टन जागे झाले. फेब्रुवारीत रॉबर्ट केनेडी जकार्ता आणि हेग येथे जाऊन आले. मार्चमध्ये व्हर्जिनिया राज्यातील मिडलबर्गजवळ गुप्त वाटाघाटी सुरू झाल्या आणि मध्यस्थ म्हणून एल्सवर्थ बंकर या मुरब्बी अमेरिकी मुत्सद्द्याची योजना झाली. प्रदेशाचा ताबा आधी राष्ट्रसंघाकडे, मग इंडोनेशियाकडे, आणि लोकांचे मत नंतर कधीतरी, हा बंकर योजनेचा सारांश. डचांचे परराष्ट्रमंत्री योसेफ लुन्स यांचा आग्रह मत आधी घेण्याचा होता. पण मित्रराष्ट्र अमेरिकाच पाठीशी नाही हे उमगल्यावर त्यांना नमते घ्यावे लागले. शीतयुद्धाच्या बाजारात सात-आठ लाख लोकांचे मत ही किरकोळ नाणी होती.

करार काळजीपूर्वक वाचला पाहिजे. कलम १८ मध्ये म्हटले होते की, आंतरराष्ट्रीय प्रघाताला अनुसरून होणाऱ्या निर्णयप्रक्रियेत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना भाग घेता येईल. इतके स्वच्छ वाक्य कोणत्याही लोकशाहीवाद्याला मान्य व्हावे. परंतु त्याच कलमात आरंभी असेही होते की, लोकांची इच्छा अजमावण्याच्या पद्धतीविषयी प्रातिनिधिक मंडळांशी ‘मुशावरा’, म्हणजे सल्लामसलत, करण्यात येईल. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही जागा. सार्वमत हा शब्द नव्हता. गुप्त मतदान हा शब्द नव्हता. एक व्यक्ती एक मत हे शब्द नव्हते. व्यवस्था करण्याचे काम, सुमारे सहा वर्षे राज्य करून झाल्यावर, स्वतः इंडोनेशियाने करावयाचे. राष्ट्रसंघाने सल्ला द्यावयाचा, साहाय्य करावयाचे आणि सहभागी व्हावयाचे. फिर्यादी, पंच आणि पंचनाम्याचा लेखनिक अशा तिन्ही भूमिका एकाच पक्षाला मिळाल्या.

१ ऑक्टोबर १९६२ ते १ मे १९६३ असे सात महिने राष्ट्रसंघाने स्वतः हा प्रदेश चालवला. राष्ट्रसंघाने एखाद्या मुलखाचे संपूर्ण शासन हाती घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. प्रशासक इराणचे जलाल अब्दोह होते. सुरक्षा दलात सुमारे दीड हजार पाकिस्तानी सैनिक होते. त्यापूर्वी युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांचे नेतृत्व भारतीय ब्रिगेडियर इंदरजित रिखये यांच्याकडे होते. खर्च दोन्ही सरकारांनी निम्मा-निम्मा उचलला. प्रशासकीय कारवाई म्हणून ती सुरळीत पार पडली, आणि ते खोटेही नाही. गोळीबार थांबला, सत्तांतर वेळेवर झाले. पण हे सात महिने मतदार नोंदवण्यासाठी नव्हते. एका मालकाकडून दुसऱ्याकडे किल्ल्या सुपूर्द करण्यासाठी ते होते. हस्तांतरणानंतरही राष्ट्रसंघाचे काही तज्ज्ञ मागे राहतील असे करारात होते. ते राहिले नाहीत. १९६५ च्या जानेवारीत इंडोनेशिया राष्ट्रसंघातूनच बाहेर पडला आणि १९६६ च्या सप्टेंबरात परतला. भाषण, संचार आणि सभा यांचे स्वातंत्र्य कलम २२ ने हमीपूर्वक दिले होते. प्रत्यक्षात न्यू गिनी परिषद गेली, पक्षांच्या हालचालींवर बंदी आली, आणि १९६५ मध्ये आर्फाक जमातीचे बंड दडपण्यात आले.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम उपयोगी पडतो. मालकीचा निर्णय होण्यापूर्वी एखाद्या वस्तूचा सौदा झाला, तर निर्णय कोणत्या बाजूने लागणार हे सौदा करणाऱ्यांना ठाऊक असते. १९३६ मध्ये डच भूगर्भशास्त्रज्ञ दोझी यांनी मध्य पर्वतरांगेत एर्ट्सबर्ग हा तांब्याचा काळा डोंगर पाहिला होता. १९६५-६६ च्या भीषण कत्तलीतून जकार्तात सुहार्तो यांची राजवट उभी राहिली. जानेवारी १९६७ मध्ये तिने परकीय भांडवलासाठी नवा कायदा केला, आणि त्या कायद्याखाली पहिला करार एप्रिल १९६७ मध्ये झाला तो अमेरिकेच्या फ्रीपोर्ट कंपनीशी, याच एर्ट्सबर्गसाठी, तीस वर्षांच्या मुदतीचा. पापुअन जनतेला आपले भवितव्य ठरवायचे होते १९६९ मध्ये. त्यापूर्वी दोन वर्षे त्यांच्या डोंगराचे भवितव्य ठरून गेले होते. त्या डोंगराला पवित्र मानणारे आमुंग्मे लोक या करारात पक्ष नव्हते. राज्यकर्ते बदलले, शीतयुद्धातील इंडोनेशियाची बाजू बदलली, आर्थिक धोरण उलटेपालटे झाले. पापुअन माणसाला न विचारण्याची प्रथा तेवढी अखंड राहिली.

१४ जुलै १९६९ रोजी मेरौके येथे ‘स्वेच्छा निर्णया’स प्रारंभ झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो संपला. सुमारे आठ लाख लोकसंख्येतून १,०२६ प्रतिनिधी घेतले गेले. चार जणांना उपस्थित राहता आले नाही. उरलेल्या १,०२२ जणांनी आपले मत सैनिक आणि अधिकारी यांच्या समक्ष उघडपणे दिले. निकाल एकमताने इंडोनेशियाच्या बाजूने लागला. सुमारे आठशे माणसांमागे एक प्रतिनिधी, आणि त्या एकालाही गुप्ततेचा आडोसा नाही. राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी, बोलिव्हियाचे फर्नांडो ऑर्टिझ सान्झ यांनी निदान शहरांत तरी प्रत्यक्ष मतदान घ्यावे असे सुचवले होते. ते मानले गेले नाही, आणि आपल्या अहवालात त्यांनी राजकीय स्वातंत्र्याच्या अभावाविषयी नापसंती नोंदवली. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी आमसभेने निकालाची केवळ ‘नोंद’ घेतली : बाजूने ८४, विरुद्ध कोणी नाही, तटस्थ ३०. त्या तटस्थांमध्ये आफ्रिकेतील अनेक नवस्वतंत्र राष्ट्रे होती. राष्ट्रसंघात त्या काळी वरिष्ठ पदावर असलेले भारतीय अधिकारी सी. व्ही. नरसिंहन यांनी २००१ मध्ये, निवृत्तीनंतर, हा सारा प्रकार केवळ रंगसफेदी होता असे उघड सांगितले.

प्रत्यक्ष मतदान का नको, याचे कारण असे देण्यात आले की पापुअन लोक मागासलेले, निरक्षर, डोंगरदऱ्यांत विखुरलेले. त्यांना मतपत्रिका कळणार नाही. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. ब्रिटिशांनी तो आपल्याबद्दल केला होता. १९५१-५२ मध्ये भारतातील १७ कोटींवर मतदारांची नोंद झाली. त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर होते, आणि त्यांनी चिन्ह पाहून मतदान केले. तितके दूर जाण्याचेही कारण नाही. न्यू गिनीच्या पूर्वार्धात, ऑस्ट्रेलियाच्या अमलाखाली, १९६४ मध्ये प्रौढ मताधिकाराने विधिमंडळाची निवडणूक झाली होती. सीमारेषेच्या पूर्वेस राहणारा पापुअन मतदार ठरला. पश्चिमेस राहणारा त्याचा भाऊबंद पाच वर्षांनंतरही अपात्र ठरला.

आता पुन्हा गोव्याकडे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण की स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश, असा प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने ही चिन्हे होती. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी बांदोडकर मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. मतदान गुप्त झाले. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. महाराष्ट्रातील जवळपास सर्व पक्षांना हा निकाल अप्रिय होता, आणि तरीही तो मान्य झाला. भारताबाहेर पडण्याचा पर्याय त्या कौलात नव्हता, हे खरे. म्हणून त्याची बरोबरी वसाहतीच्या स्वयंनिर्णयाशी करता येणार नाही. पण ‘मत विचारणे’ कशाला म्हणतात याचे मोजमाप म्हणून तो कौल पुरेसा आहे. बलवान पक्षाच्या इच्छेविरुद्ध निकाल लागण्याची शक्यता ज्या मतदानात खरोखर असते, तेच मतदान. पापुआत ती शक्यताच ठेवली नव्हती.

दुसरे मोजमाप खुद्द इंडोनेशियाच्या सत्तेखालील पूर्व तिमोरचे. ५ मे १९९९ रोजी इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. त्यातही सही करणारी सरकारे दोनच होती, आणि तिमोरी जनता बाहेरच होती. पण या करारात पद्धत लिहिलेली होती : प्रश्न कोणता, मतदार कोण, मतदान गुप्त, मोजणी राष्ट्रसंघाची. ३० ऑगस्टला साडेचार लाखांवर नोंदलेल्या मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि ७८.५ टक्क्यांनी स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्याचा मार्ग पत्करला. लोकसंख्या साधारण तेवढीच, शासनही तेच. मोघम कलमाने १,०२२ माणसांचे एकमत दिले. स्पष्ट कलमाने एक राष्ट्र दिले. मात्र त्या करारातही एक भोक होते. सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच ठेवली होती. निकालानंतर सशस्त्र टोळ्यांनी जी जाळपोळ आणि हत्या केल्या त्यांत हजाराहून अधिक माणसे मेली.

कोणी विचारील, हे सारे इतिहासजमा झाले, आज त्याची चर्चा कशासाठी? पापुआत ते इतिहासजमा झालेले नाही. १९८८ मध्ये एर्ट्सबर्गशेजारी ग्रासबर्ग सापडले आणि ती जगातील सर्वांत मोठ्या सोने-तांब्याच्या खाणींपैकी एक ठरली. २०१८ मध्ये खाण कंपनीचे ५१ टक्के भाग इंडोनेशियाच्या हाती आले. जकार्ताच्या दृष्टीने हा राष्ट्रीय विजय. पण ज्या प्रदेशात ही खाण आहे तो प्रदेश देशातील सर्वांत दरिद्री प्रदेशांपैकी एक राहिला आहे. २००१ मध्ये विशेष स्वायत्ततेचा कायदा झाला; त्याच वर्षी नोव्हेंबरात पापुअन नेते थेइस एलुआय यांची हत्या झाली, आणि तीबद्दल सैनिकांना शिक्षा झाल्या. २०२२ मध्ये प्रांतांचे आणखी तुकडे पाडून त्यांची संख्या सहा करण्यात आली. शुक्रताऱ्याचा ध्वज उभारल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली आहेत.

अशाच वाटाघाटी इतरत्रही होत राहिल्या आहेत. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस बेटांच्या सार्वभौमत्वाविषयी करारावर सह्या केल्या, आणि त्यात दिएगो गार्सियाचा लष्करी तळ ९९ वर्षे राखण्याची तरतूद केली. वसाहतीचा तुकडा परत करण्याचे तत्त्व न्याय्यच आहे; आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २०१९ मध्ये तसे मत दिले होते. पण ज्या बेटवासीयांना तेथून हुसकून लावले होते, त्यांच्यातील अनेकांची तक्रार हीच की आमच्या घराविषयी बोलताना आम्हांला बोलावले नाही.

या सर्वांतून समाजवादी कार्यकर्त्याने काही कसोट्या पक्क्या ध्यानी धराव्यात. कोणत्याही प्रदेशाच्या भवितव्याचा करार समोर आला म्हणजे त्याची प्रस्तावना वाचून भारावून जाऊ नये. सही कोणाची आहे हे पाहावे. मत केव्हा घ्यायचे, सत्ता हाती देण्यापूर्वी की नंतर, हे पाहावे. ते गुप्त आहे काय, आणि मतदाराच्या दाराशी बंदूक कोणाची आहे, हे पाहावे. निर्णय होईपर्यंत जमीन, खनिज आणि जंगल यांचे सौदे थांबवले आहेत काय, हे सर्वांत आधी पाहावे. कारण ध्वज बदलता येतो, पण तीस वर्षांचा खाणपट्टा सहसा बदलत नाही.

सल्लामसलतीची ग्रामीण परंपरा मुळातच वाईट, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, आपल्या डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीविषयी विचार केला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तेथेही डोंगर पवित्र होता, तेथेही लोक आदिवासी होते, तेथेही सभा उघड्यावर भरल्या. फरक असा की त्या सभा सरकारने निवडलेल्या मोजक्या प्रतिनिधींच्या नव्हत्या, गावच्या सर्व प्रौढांच्या होत्या. आणि ‘नाही’ म्हणण्याचा त्यांचा अधिकार कायद्याने आणि न्यायालयाने आधीच मान्य केला होता. दोष मुशावरेचा नव्हता. मुशावरेला कोणी बसायचे हे राज्यकर्त्याने ठरवावे, यात दोष होता.

साम्राज्यशाहीविरोध ही आपल्या चळवळीची जुनी शिदोरी आहे आणि ती टाकण्याचे कारण नाही. पण शत्रूने केलेला अन्याय ओळखणे सोपे असते. मित्रराष्ट्राने, बांडुंगच्या यजमानाने, वसाहतवादाविरुद्ध लढलेल्या देशाने दुसऱ्या दुबळ्या समाजाला न विचारता कवटाळले, तर तेही ओळखता आले पाहिजे. स्वयंनिर्णयाचा हक्क राष्ट्राध्यक्षांना नसतो, परराष्ट्रमंत्र्यांनाही नसतो. तो माणसांचा असतो, आणि बजावण्यासाठी त्याला मतपत्रिका, आडोसा आणि निर्भयता या तीन साध्या गोष्टी लागतात. १९६२ च्या करारात यांपैकी एकही लिहिलेली नव्हती. पुढच्या प्रत्येक करारात त्या आहेत की नाहीत हे तपासणे, आणि नसतील तर करार कोणाचाही असो, मोठ्याने बोलणे, हे समाजवाद्यांचे काम आहे.